‘दे इकडे, मी लावते’ म्हणण्याआधी

चार वर्षांचं मूल शर्टाचं बटण लावत असताना जवळून बघा. अंगठा आणि तर्जनीत ते बटण धरतं, त्याची कड काजात घालतं आणि ढकलतं. बटण अर्धं आत जातं आणि तिथेच अडतं. पुढचं काम आता त्या हाताचं नसतं. पलीकडून दुसऱ्या हाताने बटणाची डोकावणारी कड पकडायची, पहिल्या हाताने बटण सोडून काजाशेजारचं कापड धरायचं आणि ओढायचं. हातांची ही अदलाबदल मुलाला ठाऊक नसते, म्हणून ते तोच हात आणखी जोराने रेटतं. बटण निसटून परत बाहेर. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. नेमकं याच क्षणी मोठ्या माणसाचा हात मध्ये येतो: ‘दे इकडे, मी लावते.’

बटण दोन सेकंदांत लागतं. मुलापर्यंत मात्र एक वेगळीच गोष्ट पोहोचते: काम अवघड झालं की ते आपलं राहत नाही.

लहान मुलांच्या चिकाटीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा मुलाच्या स्वभावावर बोट ठेवतो. ‘याला धीरच नाही’, ‘ही लगेच सोडून देते.’ काही मुलं जन्मतःच शांत असतात, काही लवकर चिडतात, हे खरंच आहे. पण दोन ते आठ या वयात मूल एखाद्या कामापाशी किती टिकतं हे फार मोठ्या प्रमाणात शेजारी बसलेला माणूस काय करतो यावर ठरतं. त्यामुळे या लेखात मुलांपेक्षा मोठ्यांच्या हातांबद्दल आणि तोंडच्या वाक्यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी एक फरक समजून घेऊ, कारण घरात तो रोज गोंधळ घालतो. चिकाटी आणि हट्ट वेगळे. हट्टात मूल एकच गोष्ट त्याच रीतीने मागत किंवा करत राहतं. चिकाटीत ध्येय तेच राहतं, पण रीत बदलते. पझलचा तुकडा बसत नाही म्हणून त्यावर मूठ मारणारं मूल आणि तोच तुकडा फिरवून, उलटसुलट करून, शेवटी बाजूला ठेवून दुसरा उचलणारं मूल, दोघांचीही तितकीच मिनिटं गेली असतील. पण चिकाटी दुसऱ्याकडे आहे. म्हणजे ‘प्रयत्न कर, सोडू नकोस’ एवढं सांगून भागत नाही. ‘दुसरं काय करून बघता येईल?’ ही सवय लावावी लागते.

हात मध्ये घातला की काय होतं

अमेरिकेत ज्युलिया लेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर काम केलं आणि ते २०२१ साली प्रसिद्ध झालं. चार-पाच वर्षांच्या मुलांना एक अवघड कोडं दिलं. काही मुलांच्या बाबतीत शेजारच्या मोठ्या माणसाने कोडं स्वतःकडे घेऊन सोडवून टाकलं. बाकीच्यांच्या बाबतीत तसं केलं नाही, काम मुलाच्याच हातात राहिलं. नंतर सगळ्यांना एक लाकडी पेटी दिली. ती डिंकाने चिकटवलेली होती, उघडणं शक्यच नव्हतं. ज्यांचं कोडं मोठ्यांनी सोडवलं होतं त्या मुलांनी पेटीचा नाद लवकर सोडला. लक्षात घ्या, पेटीचा आणि कोड्याचा काही संबंध नव्हता. एका कामात मिळालेला धडा पुढच्या कामात लागू झाला.

याची दुसरी बाजू २०१७ च्या एका प्रयोगात दिसते. सुमारे सव्वा वर्षाच्या बाळांसमोर एका माणसाने डब्यातून खेळणं काढायला आणि अडकलेली कडी सोडवायला धडपड केली आणि शेवटी जमवलं. दुसऱ्या गटासमोर त्याच गोष्टी चुटकीसरशी झाल्या. मग बाळांच्या हातात एक खेळणं दिलं, ज्याचं मोठं बटण दाबून काहीच होत नव्हतं. धडपड पाहिलेल्या बाळांनी ते बटण जास्त वेळा दाबलं. बोलताही न येणारं मूल आपल्याकडून एवढं उचलतं.

म्हणून घरात धडपड लपवू नका. आट्यांच्या डब्याचं झाकण तिरकं बसलं तर मुलाच्या देखत मोठ्याने बोला: ‘बसत नाहीये... आटे जुळले नाहीत वाटतं... आधी थोडं उलटं फिरवते... हां, टक् झालं... आता सुलटं.’ आपण ही कामं मनातल्या मनात उरकतो, त्यामुळे मुलाला फक्त बंद झालेलं झाकण दिसतं. मोठ्यांना सगळं पहिल्याच फटक्यात जमतं असा त्याचा समज होतो आणि स्वतःला तसं जमलं नाही की ते हिरमुसतं.

मदतीच्या पायऱ्या

मदत करायचीच नाही असं याचा अर्थ कुणी काढू नये. एकट्याने धडपडत ठेवलेलं मूल चिकाटी शिकत नाही, हताश होतं. प्रश्न मापाचा आहे.

१९७६ साली डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी तीन, चार आणि पाच वर्षांच्या तीस मुलांना एकमेकांत अडकणाऱ्या २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला दिला. एकट्याने तो रचणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, पण शेजारी जाणतं माणूस असलं की जमण्यासारखं होतं. तीन वर्षांच्या मुलांना करून दाखवावं लागलं आणि पुन्हा पुन्हा कामाकडे वळवावं लागलं. चार वर्षांच्यांना शब्दांनी चूक दाखवून दिली की बहुतांशी पुरलं. पाच वर्षांच्यांना मधूनमधून ‘बरोबर आहे ना?’ याचं उत्तर हवं होतं. इमारतीभोवती बांधलेल्या परांचीसारखी ही मदत असते: लागेल तिथे लावायची आणि भिंत उभी राहिली की काढून घ्यायची. याचा वापरायला सोपा नियम असा: मूल अडलं तर मदत एक पायरी वाढवा, जमलं तर पुढच्या वेळी एक पायरी कमी करा.

बटणाचंच उदाहरण घेऊ. मूल अडलं की सगळ्यात आधी गप्प राहा आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. हे वाटतं तितकं सोपं नाही, आपला हात आपोआप पुढे जातो. हात मांडीवर ठेवा. तरी अडलेलंच असेल तर विचारा, ‘कुठे अडलंय?’ शब्दांत सांगता सांगता पुष्कळदा मुलाला स्वतःलाच दिसतं. त्यापुढे बोटाने दाखवा: ‘ही कड बाहेर आली बघ, ही कोण पकडेल?’ तेवढ्याने भागलं नाही तर काम थोडं सोपं करा, म्हणजे काजाच्या वरचं आणि खालचं कापड तुम्ही ताणून धरा आणि बटण त्याला ढकलू द्या. आणि अगदीच नाही जमलं तर करून दाखवा, पण शेजारच्या बटणावर किंवा तुमच्या स्वतःच्या कपड्यावर. त्याच्याच बटणावर दाखवलंत तर ते लगेच पुन्हा काढा, म्हणजे शेवटचं लावणं त्याच्याकडे राहील.

मूल झगडतंय की खचलंय हे ओळखायच्या खुणा आहेत. झगडणारं मूल काही ना काही बदलत असतं: हात बदलतं, मान वाकडी करून बघतं, पुटपुटतं. हे पुटपुटणं फार मोलाचं. ‘हे इकडे... नाही... असं फिरव...’ असं स्वतःशीच बोलत मूल स्वतःला वाट दाखवत असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलं आहे, आणि काम अवघड झालं की हे बोलणं वाढतं. तेव्हा ‘काय बडबडतोयस, लक्ष दे’ असं चुकूनही म्हणू नका, ते लक्षच देत असतं. खचलेलं मूल मात्र तीच चूक वाढत्या जोराने करतं, नजर कामावरून उडते, अंग ताठ होतं, आवाज चढतो. तिथे दहा मोजत बसायचं नाही. थेट दोन पायऱ्या पुढे जायचं.

काम शेवटाकडून शिकवा

अनेक टप्प्यांचं काम सुरुवातीपासून शिकवलं तर मूल पहिल्या टप्प्यातच दमतं आणि शेवटचा आनंद मोठ्यांच्या वाट्याला जातो. म्हणून उलटीकडून शिकवायचं. बटण तुम्ही काजात अर्धं घाला आणि फक्त शेवटचं ओढणं मुलाला द्या. ते सहज जमायला लागलं की बटणाची कड फक्त काजाच्या तोंडाशी टेकवून द्या. त्यानंतर सगळंच त्याचं. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातात पूर्ण होतं, ही या पद्धतीची खरी ताकद. चेन लावणं, चड्डी वर ओढणं, बुटाची नाडी, सगळ्याला हीच रीत चालते.

बटणांसाठी काही बारकावे. सुरुवात अंगावरच्या कपड्यावर करू नका, शर्ट उशीला घाला किंवा टेबलावर पसरा. बटण मोठं हवं, दोन-अडीच सेंटिमीटरचं. काज सैल आणि कापड जरा जाड हवं, मऊ कापड बोटांत गोळा होतं. अंगावर घेतल्यावर पोटाजवळच्या मधल्या बटणापासून सुरू करा, कारण ते दिसतं. गळ्याचं बटण सगळ्यात शेवटी, ते मोठ्यांनाही न बघता लावावं लागतं. आणि नवा शर्ट टाळा, नव्या काजांचे दोरे घट्ट असतात.

वेळही महत्त्वाची. शाळेची रिक्षा दारात उभी असताना कुणालाच धीर धरता येत नाही, आणि तसा आग्रहही धरू नये. सरावाची वेळ रविवारची दुपार किंवा संध्याकाळचं खाणं झाल्यावर, पाच-सात मिनिटं. सकाळी एकच ठरलेलं बटण मुलाचं, बाकीची तुमची. हा करार आदल्या रात्री करून ठेवला की सकाळची ओढाताण बरीच कमी होते.

चूक स्वतः सांगणाऱ्या वस्तू

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये लहान मुलांसाठी आपली पहिली शाळा, ‘बालगृह’, सुरू केली. तिथे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवत होती. तिने ते चाळीसहून अधिक वेळा काढून पुन्हा बसवले. आजूबाजूला गाणं, गलका झाला तरी ती हलली नाही. त्या साधनाची खुबी अशी की प्रत्येक दट्ट्याला एकच भोक नेमकं बसतं. एक दट्टा चुकला की शेवटी एक उरतो आणि तो कुठेच बसत नाही. ‘चुकलं’ हे शिक्षकाला सांगावंच लागत नाही. मुलाला कुणी हटकत नाही, लाज वाटत नाही, आणि पुन्हा करून बघावंसं वाटतं.

असं महागडं साधन घरी असायला हवं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपासच्या वस्तूंतूनच शिकवण्याची रीत घडवली. तुमच्या स्वयंपाकघरात दट्ट्यांइतकंच चांगलं साधन पडून आहे: स्टीलच्या चार-पाच लहानमोठ्या डब्यांचा संच, झाकणांसकट. दीड ते तीन वर्षांच्या मुलापुढे डबे आणि झाकणं वेगवेगळी करून ठेवा. चुकीचं झाकण एक तर आत पडतं किंवा वर डुगडुगतं. सुरुवात तीन डब्यांनी करा, मापात ठळक फरक असलेल्या. तिन्ही सहज जमले की जवळच्या मापाचा चौथा द्या. कडा धारदार असलेला डबा आणि घट्ट दाबून बसणारी झाकणं यातून वगळा.

तीन-साडेतीनपासून जिगसॉ पझल येतं आणि इथे खोक्यावरच्या वयाने फसगत होते. बारा तुकड्यांचं पझल मूल एकट्याने लावत असेल तर पुढचं वीस-चोवीसचं घ्या, एकदम साठचं नको. चित्रही बघून घ्या. ज्यात निम्मं निळं आकाश आहे ते पझल टाळा, कारण एकाच रंगाच्या तुकड्यांत कसलाच धागादोरा मिळत नाही आणि मूल नुसते अंदाज करत बसतं. प्रत्येक भागात वेगळा रंग, वेगळी वस्तू असलेलं चित्र चांगलं. कोपऱ्याचे चार तुकडे शोधणं हा पहिला डाव शिकवा. अर्धवट पझल मोडून डब्यात भरू नका. ते पहिल्यापासूनच परातीत किंवा जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर लावायला घ्या, म्हणजे झोपेच्या वेळी तसंच उचलून कॉटखाली सरकवता येतं. थांबताना ‘उद्या आधी घोड्याचं तोंड शोधू’ असं पुढचं काम ठरवून थांबा. भूक लागलेली असताना किंवा झोपेच्या आधीच्या अर्ध्या तासात काम ताणण्यात काही अर्थ नसतो.

तोंडची वाक्यं

‘अगं, किती सोप्पंय!’ हे आपण धीर द्यायला म्हणतो. मुलाच्या बाजूने ऐकून बघा. सोपं आहे आणि तरी मला जमत नाही, म्हणजे मीच ढ. त्याऐवजी ‘हे अवघड आहे, वेळ लागतो’ म्हणा. जमलं तर अवघड जमल्याचा आनंद, नाही जमलं तर लाज नाही.

‘हुशार आहेस’ या शाबासकीबद्दल क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. काहींच्या हुशारीची स्तुती केली, काहींच्या मेहनतीची. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली आणि ती चुकल्यावर हुशारीची स्तुती ऐकलेली मुलं जास्त खचली. पण यातून ‘मेहनतीचं कौतुक करा, सगळं सुधारेल’ असं जे पसरलं ते जरा जास्तच आहे. अमेरिकेत हजारो नववीच्या मुलांवर याच विचाराचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले आणि त्यात परिणाम दिसला तो छोटाच. लहान मुलांसाठी उपयोगाची गोष्ट याहून साधी आहे: मुलाने काय केलं ते नेमकं सांगा. ‘तुकडा फिरवून बघितलास, मग बसला.’ ‘दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा दुसऱ्या हाताने ओढलंस.’ यातून मुलाला कोणती युक्ती लागू पडली ते कळतं आणि ती पुढच्या वेळी वापरता येते. काहीच जमलेलं नसताना म्हटलेलं ‘वा, किती मेहनत केलीस’ मुलाला लगेच पोकळ वाटतं.

बक्षिसाचं आमिष जपून वापरा. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी मुळात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीच्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांचं चित्रं काढणं कमी झालं. मुलाला जे आवडतंच त्यावर चॉकलेट लावू नका.

कंटाळवाण्या कामाची गोष्ट वेगळी. खेळणी आवरणं, मटार सोलणं यात अडतं ते कौशल्य नसतं, मन असतं. २०१७ च्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं रटाळ काम दिलं आणि शेजारी टॅब्लेट ठेवला. ज्यांना ‘तू बॅटमॅन आहेस’ असं सांगितलं आणि मधूनमधून स्वतःला ‘बॅटमॅन नीट काम करतोय का?’ असं विचारायला लावलं, ती सगळ्यात जास्त वेळ टिकली. आपल्याकडे हा मान छोटा भीम किंवा गडावरच्या मावळ्याला द्या: ‘मावळ्याने किती शेंगा सोलल्या?’ मात्र न जमणाऱ्या कामाला ही युक्ती लावू नका. बटण अडलंय तिथे मावळ्याचाही उपयोग नाही, तिथे काज ताणून धरावं लागतं.

आणखी एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं: दिलेला शब्द. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २८ लहान मुलांवर झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. चित्रासाठी ‘यापेक्षा छान रंग आणून देतो’ असं मुलांना सांगितलं. निम्म्यांना ते आणून दिले, निम्म्यांना ‘सॉरी, नाहीत’ म्हटलं. मग प्रत्येकापुढे एक गोड गोळी ठेवली आणि थांबलास तर दोन मिळतील असं सांगितलं. शब्द पाळलेल्या माणसापुढे मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, शब्द मोडलेल्यापुढे तीनच मिनिटं. धीर धरून काही मिळतं असा अनुभवच नसेल तर मुलाने का धीर धरावा? ‘रविवारी मातीकाम करू’ म्हटलं असेल तर रविवारी करा. जमणार नसेल तर आधीच कबूल करू नका.

अनेक दिवसांचं काम: दिवाळीचा किल्ला

पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी दिवाळीच्या किल्ल्यासारखं दुसरं काम नाही. तो एका बैठकीत होत नाही, रोज काहीतरी बिघडतं आणि बिघडलेलं दुरुस्त करता येतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी सुरू करा. विटा-दगड रचून आकार करायचा, त्यावर मातीच्या दाट काल्यात बुडवलेलं गोणपाट अंथरायचं, वर मातीचा लेप. काला पातळ झाला की माती ओघळून खाली जमते आणि वरची गोणी उघडी पडते. लेप एकदम जाड दिला की वाळताना तडे जातात. उतार फार खडा केला आणि वरून तांब्याने पाणी ओतलं की पेरलेले अळीव वाहून पायथ्याशी येतात. यातलं काहीही आधी सांगून टाळू नका. तडा गेला की मुलालाच विचारा, कशामुळे गेला असेल, आणि पातळ लेप त्याच्याच हाताने देऊ द्या. पाणी तांब्याऐवजी हाताने शिंपडायचं हे अळीव एकदा वाहून गेल्यावर पक्कं लक्षात राहतं. तीन-चार दिवसांत हिरवे कोंब दिसतात, म्हणून पेरणी नरकचतुर्दशीच्या चार-पाच दिवस आधी हवी.

बाबा-काकांनी रात्री जागून देखणा किल्ला उभा केला आणि मुलाने सकाळी फक्त सैनिक मांडले, असं पुष्कळ ठिकाणी होतं. किल्ला वाकडा झाला तरी चालेल. बुरुज ढासळला तर तो मुलालाच पुन्हा उभा करू द्या.

चिकाटीचा प्रश्नच नसतो तेव्हा

कधीकधी मूल सोडून देतं कारण ते काम त्याला खरोखर झेपत नसतं. जवळचं बघताना डोळे चोळणं, चित्र नाकाशी धरणं, बोटांत जोर नसणं, हाक ऐकू न येणं, सगळ्याच कामांत आणि सगळ्याच माणसांपुढे एक-दोन मिनिटांत उठून जाणं, किंवा आधी जमत असलेलं आता न जमणं, यातलं काही दिसलं तर सराव वाढवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी होते. त्यात काही आढळलं तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात आणि तिथले उपचार मोफत असतात. जाताना आठवड्याभराची नोंद बरोबर न्या: कोणतं काम, नेमकं कुठे अडतं, किती मिनिटांनी सोडतं, उजेड पुरेसा होता का. ‘चंचल आहे’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. ‘मोठी बटणं लावतो, लहान बटण दोन्ही हातांनी धरूनही निसटतं’ यावरून कळतं.